गिरणीतले कन्नड

माझा स्वतःचा आवाज मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत नीट ऐकलेला नव्हता. लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मी चौतीस वर्षे काढली. शांतता राखण्याचा पगार मिळणारी ती जागा माझ्यासाठीच निर्माण झाली असावी, असे सहकारी चेष्टेने म्हणत आणि ते काही खोटे नव्हते. निरोपसमारंभात मी चार ओळींचे आभार लिहून नेले होते. त्यांतली शेवटची ओळ पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही, असे पत्नीने घरी आल्यावर सांगितले. अशा माणसाला निवृत्तीनंतर एक नवी भाषा बोलायला शिकावी लागली, तीही मोबाईलमध्ये स्वतःचा आवाज भरून आणि तो पुन्हा पुन्हा ऐकून. ते कसे घडले हे लिहायला बसलो आहे. पुस्तके आयुष्यभर सांभाळली, लिहिले मात्र कधी नाही. तेव्हा मांडणीत काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मला एकच बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमचे बालपण कंधारला गेले. घरी आलेल्या पाहुण्याने मला नाव विचारले, की उत्तर अक्का देई. मला दुकानातून काही आणायला पाठवले, तर मी फळीसमोर उभा राहून गर्दी ओसरण्याची वाट पाहत असे, आणि गर्दी ओसरल्यावर दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, की रिकाम्या हाताने परत येत असे. मग अक्का माझे मनगट धरून मला पुन्हा त्याच दुकानात नेई.

“मोठ्यानं बोल की रे,” ती म्हणे. “तो काय खाऊन राहिलाय का तुला?”

मी तरीही बोलत नसे. शेवटी गूळ किंवा काडेपेटी तीच मागे.

अठराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती देगलूरला गेली. आम्ही लिंगायत. आमच्या समाजात काही घरे मराठी बोलतात, काही कन्नड. आमचे घर मराठी होते आणि तिचे सासर कन्नड. वर्षभरात ती त्या भाषेत भांडू लागली, याचे आमच्या आईला फार कौतुक होते. पुढे चाळीसहून अधिक वर्षे मी त्या घरी जात राहिलो आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत राहिलो. कोणी मला कन्नडमध्ये काही विचारले, की आतून अक्काचे उत्तर येई. ती भाषा शिकण्याची गरजच तिने मला पडू दिली नाही, आणि मीही ती पडू नये अशा बेताने बसत गेलो.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर अक्काला लकवा मारला. नांदेडच्या दवाखान्यात ती बारा दिवस होती. हातापायांत हळूहळू बळ आले, पण बोलणे गेले. काही दिवसांनी दोन-चार शब्द परत आले, ते सगळे कन्नड: पाण्याला ‘नीर’, नको म्हणायला ‘ब्याडा’, आणि सुनेचे नाव. मराठीतला एकही शब्द तिला सापडत नव्हता. मी मराठीत बोललो, की तिला ते कळल्यासारखे वाटे. उत्तर द्यायला तिचे ओठ हलत, कपाळावर घाम येई, शब्द येत नसे आणि ती भिंतीकडे तोंड करी. मी दुसऱ्यांदा भेटायला गेलो तेव्हा तिने मला पाहताच भिंतीकडे तोंड केले.

त्या दवाखान्यात वाचेवर उपचार करणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला आणि अक्काच्या सुनेला समोर बसवून सांगितले, “ज्या भाषेतून शब्द येताहेत तीच सध्या धरा. दोन्हीकडून ओढू नका. मराठी मागून येईल, कदाचित येणारही नाही. पण त्यांनी प्रयत्नच सोडला, तर आहे तेवढंही राहणार नाही, हे लक्षात ठेवा. समोर माणूस असला की त्या घाबरतात. म्हणून मोबाईलवर लहान लहान वाक्यं भरून पाठवा. त्यांना एकट्यानं ऐकू द्या, आणि जमेल तेव्हा आपलं उत्तर भरू द्या.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही भाऊ ना? तुमचा आवाज आला की त्यांची मान वळते. तुम्हीच पाठवा.”

मला कन्नड येत नाही, असे मी म्हणालो.

“मग शिका,” त्या म्हणाल्या. गोळी जेवणानंतर घ्या, असे सांगावे तशा सुरात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या बाई उदगीरकडच्या, पंचेचाळिशीच्या. त्यांच्या पापण्यांवर दिवसभर पिठाचा थर असतो. त्या आपल्या आईशी फोनवर कन्नडमध्ये बोलतात हे मला माहीत होते, कारण चालू गिरणीच्या वरताण बोलल्यामुळे ते साऱ्या गल्लीलाच माहीत होते. मी ज्वारीचा डबा घेऊन तीनदा गेलो आणि फक्त दळण घेऊन परत आलो. चौथ्या वेळी माझी विनंती एका चिठ्ठीवर लिहून नेली आणि डब्याबरोबर पुढे केली. बाईंनी ती उजेडात धरून वाचली.

“सर, चार घरांवर राहता अन् चिठ्ठी देता? पोस्टानं तरी पाठवायची!” त्या हसल्या. पण चिठ्ठीतला लकव्याचा उल्लेख पुन्हा वाचून त्यांनी हात झटकले. “हाव, शिकवते की. लई अवघड न्हाई. पण मला बसून शिकवायला सवड न्हाई. इथंच तुमच्या मोबाईलात बोलून देते.”

अशी माझी शिकवणी सुरू झाली. मी मराठीतले वाक्य सांगायचे, आणि त्यांनी एका हाताने पीठ चाळणीवर सारत, दुसऱ्या हातात माझा मोबाईल धरून ते कन्नडमध्ये भरायचे. “ऊटा आतेन, अक्का?” म्हणजे जेवण झाले का. असे प्रत्येक वाक्य गिरणीच्या घरघरीसह माझ्या घरी येई. मी ते वहीत देवनागरीत उतरवून घेई, खोलीला कडी लावी, पंखा बंद करी आणि म्हणून पाही. मग स्वतःचे ऐके. तो आवाज मला अनोळखी वाटला: बारीक, आणि कसली तरी माफी मागत असल्यासारखा. मी तो पुसला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. एखाद्या वाक्यात अख्खी सकाळ जाई. वीस-पंचवीस प्रयत्नांनंतर निष्कलंक असे एक वाक्य हाती लागले, की मी ते देगलूरला पाठवी आणि दुसऱ्या दिवशी नव्या वाक्यासाठी दोन शेर ज्वारी घेऊन गिरणीत जाई.

“अहो, पीठ मावेना घरात,” पत्नी म्हणाली. “माझ्याशी कधी चार वाक्यं धड बोलला नाहीत, अन् आता दार लावून मोबाईलशी बोलून राहिलात. लोक काय म्हणतील?”

महिनाभर मी रोज वाक्ये पाठवली. ती ऐकली गेल्याची खूण रोज दिसे. उत्तर मात्र येत नसे. म्हणजे अक्काकडून काहीतरी येई, पण मी उघडण्याआधीच ते काढून टाकलेले असे आणि तिथे निरोप काढून टाकल्याची एक ओळ तेवढी उरे. अशा ओळींची रांग लागत गेली. मी स्वतःची समजूत घातली, की निदान ती प्रयत्न करते आहे. पुढे त्या ओळीही थांबल्या.

आणखी चार दिवसांनी अक्काच्या सुनेचा फोन आला. ती माझ्याशी नेहमी मराठीत बोलते.

“मामा, एक बोलू का? रागावू नका.”

“बोल.”

“अत्ती तुमचं बोलणं धा-धा येळा ऐकत होत्या.” सासूला ती अत्ती म्हणते. “मग आपलं भरायच्या. मग तुमचं ऐकायचं, आपलं ऐकायचं, अन् पुसून टाकायचं. आता भरायचंबी सोडलंय. मोबाईल उशीखाली घातलाय. मी दिला तर ब्याडा म्हणतात. आता तेवढा एकच शब्द चालू हाय बघा, ब्याडा.”

“माझं काही चुकतंय का?”

“चुकतच न्हाई की मामा, तेच तर!” ती म्हणाली. “तुमचं लई साफ येतंय. रेडिओवाणी. त्यांला वाटत असंल, ज्याला कन्नड येतच नव्हतं तो असा बोलून राहिला, अन् आपुन जन्मभर बोललो ती भाषा...” पुढचे तिने गिळले. मग नुसतेच म्हणाली, “तेवढं बघा मामा.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले. मी पुसलेले चोवीस प्रयत्न अक्काला कधी ऐकू गेले नव्हते. तिच्यापर्यंत पोहोचे तो पंचविसावा. त्याच्याशेजारी ती आपला पहिला ठेवून पाही. ग्रंथालयात फाटकी पुस्तके मी वाचकांच्या नजरेआड कपाटात ठेवत असे आणि त्याला शिस्त म्हणत असे. तीच शिस्त मी आजारी बहिणीवर चालवली होती. उपचार करणाऱ्या बाईंचे शब्द मला आठवले. प्रयत्न सोडला तर आहे तेवढेही राहणार नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. आणि तिने तो सोडला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीत मी बाईंना हे सांगितले. डबा पुढे करताना मी ते अर्थात हळू आवाजात सांगितले, म्हणून त्यांनी तीनदा “काय?” विचारले.

“मग चुका की जरा!” त्या म्हणाल्या.

“लोकांसमोर चुकणं मला जमत नाही, ताई. म्हणून तर कडी लावतो.”

त्यांनी माझ्याकडे, मग गिरणीकडे पाहिले. “सर, ही चालू असली की इथं देवाला बी ऐकू जात न्हाई. त्या पोत्यांमागं उभं राहा अन् बोला. मोठ्यानं बोलावं लागंल, न्हाईतर मोबाईलात नुसती गिरणीच जाईल. अन् वही इकडं द्या.” त्यांनी माझी वही घेतली आणि वजनकाट्यामागे टाकली. “दळण झाल्यावर नेता येईल.”

मी पोत्यांमागे उभा राहिलो. समोर डब्यांची रांग, रांगेत बायका, आणि त्यांच्या-माझ्यामध्ये तो सतत कोसळणारा आवाज. मी तोंडापाशी मोबाईल धरून अक्काला हाक मारली. मला स्वतःलाच ती ऐकू आली नाही. मी आणखी मोठ्याने मारली. कोणी मान वळवली नाही. तेव्हा मला कळले, की एवढ्या वयात मी पहिल्यांदाच पूर्ण घसा उघडला आहे, आणि ते कोणालाही समजलेले नाही. इतका मोकळेपणा मला कडी लावलेल्या खोलीतही मिळाला नव्हता.

आठवडाभर मी तिथे नुसता सराव केला. पाठवले काही नाही. शब्द अडला की थांबायचे, मागे जायचे, पुन्हा सुरुवात करायची, पण पुसायचे नाही, असे बाईंनी बजावले होते. येता-जाता त्या माझ्या ओठांकडे पाहून मान हलवत किंवा कपाळाला हात लावत.

त्यानंतरच्या सोमवारी मी अक्काला कंधारच्या दुकानाची गोष्ट सांगायची ठरवली. बाईंकडून आवश्यक तेवढे शब्द घेतले होते. दुकान म्हणजे अंगडी. मी लहान होतो, तू मला अंगडीत नेलेस, मी बोललो नाही, असे काहीतरी मी जुळवत गेलो. गुळाला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून गूळच म्हटले. दुकानदाराचे वाक्य दोनदा मोडले. मग गोष्टीतला मुख्य भाग आला: दुकानदार माझ्याकडे पाहतो आणि मला भीती वाटते. ते वाक्य बाईंनी माझ्याकडून चांगले घोटून घेतले होते. मी डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून ओरडलो, “अक्का! नंग अंजिकी आगतद!”

डोळे उघडले तेव्हा गिरणी थांबलेली होती. वीज गेली होती.

गिरणी एकदम थांबत नाही. तिची घरघर हळूहळू उतरत जाते. ती उतरत असताना माझा आवाज चढत गेला होता आणि माझ्या लक्षात काही आले नव्हते. आता तिथे पूर्ण शांतता होती आणि रांगेतल्या सात-आठ बायका पोत्यांच्या दिशेने पाहत होत्या. मला भीती वाटते, असे मी त्या शांततेत भर दुपारी ओरडून सांगितले होते.

रांगेत निलंग्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना कन्नड येत असावे. त्या पोत्यांवरून डोकावून म्हणाल्या, “कशाचं भ्या वाटून राहिलं बाबा तुमाला? लाईट गेल्याचं?”

गिरणीत जे हसू फुटले ते पत्र्याला जाऊन आपटले. गिरणीवाल्या बाई तर वजनकाटा धरून हसत होत्या. माझे कान तापले. मोबाईल अजून आवाज भरत होता; मी तो बंद केला आणि माझा अंगठा सवयीने पुसण्याच्या खुणेवर गेला.

“पुसू नका सर,” बाई जवळ येऊन म्हणाल्या. अजून त्यांच्या डोळ्यांत हसण्याचे पाणी होते.

“ताई, हे कसं पाठवू? मध्ये एक वाक्य दोनदा मोडलंय. वरून सगळ्यांचं हसणं आलंय.”

“येऊ द्या की. तुमच्या अक्काच्या घरात एवढ्यात कुणी हसलंय का? आजारी माणूस म्हणून समदे हळू बोलत असतील, पाय न वाजवता फिरत असतील.” त्यांनी पदराने पापण्यांवरचे पीठ पुसले. “अन् ते वाक्य खोटं हाय का? तुम्हाला भ्या वाटतंच की.”

दळण न घेताच मी घरी आलो. खोलीत बसून ते ऐकले. आधी घरघर, तिच्यातून माझी अडखळणारी हाक. मग घरघर दूर जाणाऱ्या ट्रकसारखी विरत जाते आणि आवाज उरतो तो फक्त माझा, फाटलेला, उघडा. मग म्हाताऱ्या बाईंचा प्रश्न आणि तो हशा. हे पाठवले तर देगलूरच्या घरात सून ऐकेल, भाचा ऐकेल, शेजारी ऐकतील. ज्या घरात मी चाळीस वर्षे वर्तमानपत्रामागे बसलो, तिथे हे वाजेल. मी तीनदा पुसण्याच्या खुणेवर अंगठा ठेवला. चौथ्यांदा पाठवले, आणि मोबाईल पलंगावर पालथा ठेवून अंगणात झाडांना पाणी घालायला गेलो. झाडांना ते सकाळीच घातलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडून काहीतरी आले. काढून टाकल्याची ओळ नव्हती. मी वाट पाहिली. ते तसेच राहिले. पण ते उघडण्याचे धैर्य मला होईना. आत नुसते रडणे असले तर? शब्द असले आणि ते मला कळले नाहीत तर? मी मोबाईल तसाच घेऊन, यावेळी रिकाम्या हाताने, गिरणीत गेलो. ती चालू होती आणि रांग होती. मी बाईंना मोबाईल दाखवला. त्यांनी तो कानाला लावला, मान हलवली, काही ऐकू येत नाही असे खुणेने सांगितले. आणि मग त्यांनी भिंतीवरचे बटण दाबून गिरणी बंद केली.

“काय झालं? माझं निम्मं राहिलं की!” रांगेतून आवाज आला. कालच्याच म्हाताऱ्या बाई होत्या. लाईटमुळे त्यांचे दळण आजवर राहिले होते.

“थांबा मावशी. सरांच्या अक्काचं आलंय.”

घरघर उतरत गेली आणि थांबली. मी मोबाईल एका डब्याच्या झाकणावर ठेवला आणि लावला.

आधी नुसता श्वास होता. मागे भांडी वाजत होती. सून म्हणत होती, “हं, अत्ती, हं.” मग एक कोरडा, खरखरीत आवाज आला, तो खोकला नसून हसू आहे हे ओळखायला मला क्षण लागला. लकव्यानंतर मी ते ऐकले नव्हते. मग तिने शब्द सुरू केला. “चीर...” थांबली. श्वास घेतला. “चीर... चीर...” रांगेतल्या बायका झाकणाकडे वाकल्या होत्या. मी वजनकाट्याला धरून उभा होतो. मग शब्द पुरा झाला, वाकडा, पण पुरा, आणि कंधारच्या दुकानासमोरच्या त्याच मोठ्या बहिणीच्या सुरात.

“चीरब्याडो!”

गिरणीवाल्या बाईंनी मला अर्थ सांगायला तोंड उघडले.

“कळलं, ताई,” मी म्हणालो. “ओरडू नकोस रे, म्हणते आहे.”

म्हाताऱ्या बाई पुटपुटल्या, “खरंच हाय की. काल किती बोंबलले.”

मी मोबाईल उचलला. सगळ्या तिथेच होत्या, गिरणी बंद होती, आणि वही हाताशी नव्हती. “आतु, अक्का,” मी म्हणालो, म्हणजे बरे, ठीक आहे. आवाज फार मोठा नव्हता, पण रांगेच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण तिथल्या एका बाईने मान डोलावली. “ऊटा आतेन?” विचारताना जीभ अडखळली, तेव्हा मी ते पुन्हा विचारले, आणि दोन्ही प्रश्न तसेच, न ऐकता, पाठवून दिले.

“झालं का बोलणं?” म्हाताऱ्या बाईंनी विचारले. “मग माझं दळण टाका बाई आता.”